प्रतिकारशक्ती वाढवून काय होतं?

कोरोना ओसरला, तरी ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ ही पाटी यवतमाळपासून वणीपर्यंतच्या औषध दुकानांतून पुरती उतरलेली नाही. चूर्ण, काढा, गोळ्या, काहीही घ्या, आश्वासन तेच. मला त्याची धास्ती वाटते. ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी, ही समजूत विज्ञानाने केव्हाच मागे टाकली आहे. आणि कुष्ठरोग जवळून पाहिलेल्या आपल्या वऱ्हाडाला तरी ते कळायला हवं.

प्रतिकारशक्तीच्या अभ्यासातली मेचनिकॉफ, एर्लिख, मुंबईत प्लेगची लस करणारा हाफकिन, ही नावं परिचयाची आहेत. त्यामानाने पुढची गोष्ट कमी ऐकलेली. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या प्लीहेतली फांद्या फुटलेली पेशी वेगळी ओळखली, ती डेंड्रिटिक पेशी. अनवाणी पायात पऱ्हाटीचं खुंट घुसतं आणि जांघेत अवधाण येतं, तेव्हा जखमेतल्या जंतूंचे अंश घेऊन ही पेशी तिथवर गेलेली असते, जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींना ते दाखवायला.

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात आणि हिला निव्वळ लढाई पेटवणारी पेशी समजतात. खरं वळण पुढे आहे. १९८९ मध्ये चार्ल्स जेनवे या प्रतिकारशास्त्रज्ञाने अडचणीचा प्रश्न काढला: शुद्ध परकं प्रथिन टोचलं तर शरीर फारसं हलत नाही, मग लशीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार किंवा मेलेले जंतू का मिसळावे लागतात? रोजचं वरणही परकंच की, पण त्याच्याशी कुणाचं शरीर सहसा भांडत नाही. म्हणजे परकेपणा पुरत नाही, जंतूची खूण पटावी लागते. २००१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या उंदरांवरच्या प्रयोगांनी पुढची पायरी दाखवली. एखादं प्रथिन निवांत डेंड्रिटिक पेशींपर्यंत पोचवलं, तर ते ओळखणाऱ्या टी-पेशी थोड्या वाढून नाहीशा झाल्या. तेच प्रथिन, सोबत चेतवणारा संकेत दिला, तर त्या टिकल्या. लढाई थांबवणं हेही याच पेशीचं काम, तितकंच महत्त्वाचं.

प्रतिकार कमी पडला किंवा अती झाला तर काय होतं, ते कुष्ठरोगात दिसतं. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोरा, तिथलं कुष्ठरुग्णांचं आनंदवन. कुष्ठरोगात एका टोकाच्या रुग्णांत प्रतिकार जवळजवळ नसतो, जंतू अंगभर पसरतात. त्यांच्या चट्ट्यांत त्वचेतल्या डेंड्रिटिक पेशी कमी आढळतात. दुसऱ्या टोकाला त्या भरपूर, जंतू मोजकेच, तरी नस जाते, कारण ती मुख्यतः शरीराच्याच माऱ्यात सापडते. काहींना तर औषध नीट चालू असताना, जंतू मरत असताना, हा मारा एकाएकी वाढतो. जुना चट्टा लालबुंद होऊन सुजतो, कोपरामागची नस जाड होऊन ठणकते, करंगळी वाकू लागते. रुग्णाची प्रतिकारशक्ती तेव्हा वाढलेलीच असते. डॉक्टर प्रेडनिसोलोन देऊन ती दाबतात. नस बिघडून सहा महिने उलटायच्या आत हे झालं, तर हात वाचण्याची आशा बरीच असते. पुढे ती झपाट्याने घटते.

असा माणूस डब्यावरचं आश्वासन वाचून चूर्ण मागू लागला, तर दुकानदाराने डबा परत फळीवर ठेवावा आणि त्याला त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात धाडावं. तिथे हा उपचार मोफत होतो.