उंबरठा आणि शेजारधर्म

नेदरलँड्स व बेल्जियम यांच्या सीमेवरील बार्ले हे गाव दिसायला एक. पण तेथे नगरपालिका दोन, नगराध्यक्ष दोन आणि कायदेही दोन देशांचे. सीमारेषा घराघरांतून जाते. पुढचे दार ज्या देशात, त्या देशाचे ते घर, असा तेथील संकेत आहे. तरीही वाचनालय एकच. दोन्हीकडील पोलिसांची कचेरी एकच. आणि १९९८ पासून उभय पालिकांचे संयुक्त मंडळ सामायिक प्रश्नांचा विचार करीत आले आहे.

कायद्याने वाट करून दिली. चालण्याचे बळ मात्र समान डच भाषेने आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारधर्माने दिले. २०२० च्या साथीत तेथील एकाच दुकानाचा बेल्जियममधील भाग बंद, तर नेदरलँड्समधील उघडा राहिला. संस्कृतीने नियमांतील दरी बुजत नाही. ती ओलांडण्याची इच्छा तेवढी टिकते.

परंतु खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. समानशीलांशी जमवून घेणे सोपे असते. ज्याची बोली, सण व अन्न वेगळे, त्या शेजारगावाशी पाणी वाटून घेताना आपण तितकेच उदार राहतो काय? जी संस्कृती स्वकीयांपुरतीच सहकार्य शिकवते, ती संस्कृती नव्हे, केवळ गोतावळा होय. आपला शेजारी कोण, हा जुना प्रश्न नगरपालिकेच्या सभागृहातही टाळता येत नाही.