दहा मिनिटांचा ठिय्या

न्यूयॉर्क मॅरेथॉन म्हटली की व्हेराझानो पुलावरून लोटणारा पन्नास हजारांचा जनसमुदाय डोळ्यांपुढे येतो. पण पहिली सहा वर्षे, १९७० ते १९७५, ही शर्यत सेंट्रल पार्कमध्येच व्हायची. १३ सप्टेंबर १९७०ला नावे आली १२७, शेवटपर्यंत पोचले ५५. प्रवेश फी एक डॉलर. उद्यानातल्या रस्त्यावरच चारहून अधिक फेऱ्या, आणि दर फेरीला हार्लेम हिलचा तोच चढ. पहिला आला अग्निशमन दलातला गॅरी मर्की, रात्रपाळी आटोपून आलेला. विजेत्यांना साधी मनगटी घड्याळे आणि बेसबॉल, बोलिंगचे जुनेच चषक दिले गेले.

या शर्यतीचा वारसा सांगताना बहुतेक जण थेट १९७६ गाठतात. त्या वर्षी ती शहराच्या पाचही विभागांतून धावली आणि जगभरच्या शहरांना तिने एक नमुना दिला. हे खरेच आहे. पण मला तो वारसा त्याआधीच्या एका सकाळी सापडतो. १ ऑक्टोबर १९७२.

अमेरिकेत हौशी खेळांचे नियम तेव्हा अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक युनियन ठरवत असे. बायकांनी लांब पल्ल्याचे धावू नये, शरीराला ते झेपत नाही, हा समज मुरलेला होता. नुकत्याच झालेल्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची सर्वांत लांब शर्यत होती १५०० मीटरची. युनियनने मॅरेथॉन धावायला परवानगी दिली, पण अट घातली: बायकांची सुरुवात वेगळी हवी. म्हणून सेंट्रल पार्कात त्यांना पुरुषांच्या दहा मिनिटे आधी सोडायचे ठरले.

सुरुवातीचा इशारा झाला आणि धावायला आलेल्या सहाही जणी रेघेवरच खाली बसल्या. त्या वेळचे छायाचित्र मी पुन्हापुन्हा पाहिले आहे. रस्त्यावर ओळीने बसलेल्या धावपटू, हातात घाईने रंगवलेले फलक, युनियनला हे १९७२ साल असल्याची आठवण करून देणारे. मागे पुरुष धावपटू उभे. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी पिस्तूल झाडले गेले तेव्हा त्या उठल्या आणि त्यांच्याबरोबर धावू लागल्या. त्यांच्या वेळेत ती दहा मिनिटे मिळवली गेली. पहिली आली नीना कुसिक. दोन वर्षांपूर्वी याच उद्यानातल्या पहिल्या शर्यतीत ती एकटीच स्त्री होती, आणि आजारी असल्यामुळे तिला मध्येच थांबावे लागले होते.

वेगळ्या सुरुवातीचा नियम पुढे टिकला नाही. बायकांचे धावणे तर ठिय्याआधीच रुजू लागले होते: त्याच वर्षी जूनमध्ये ७८ जणी याच उद्यानात फक्त स्त्रियांसाठीच्या शर्यतीत धावल्या होत्या. मिनीस्कर्टवरून तिला ‘मिनी’ नाव दिले गेले. प्रसिद्धीसाठी दिलेले ते नाव मला आजही खटकते, पण शर्यत बायकांनी आपलीशी केली आणि ती आजही होते. १९८४ साली लॉस एंजेलिसला स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली. तोवर ठिय्याला बारा वर्षे झाली होती.

मला वाटते, हा ठिय्या शर्यत लहान होती म्हणूनच साधला. आयोजक, धावपटू, पंच सगळे एकमेकांना ओळखणारे. आयोजक फ्रेड लेबो स्वतः पहिल्या शर्यतीत धावला होता. रेघ हाताच्या अंतरावर होती, तिच्यावर बसता येत होते. आज कुंपणे, गटवार सुटणे, थेट प्रक्षेपणाची मिनिटे यांत नियमाला अडवून बसायला जागाच उरलेली नाही. मोठेपणाबरोबर शर्यतीने हे गमावले, आणि त्याची दखल घेतली गेली पाहिजे.

याला एक पुढचा पदरही आहे. २००२पासून न्यूयॉर्कला अव्वल स्त्री धावपटू पुरुषांच्या आधी सुटतात. म्हणजे जी गोष्ट १९७२ला नाकारली, तीच परत आली का? मी तसे मानत नाही. तेव्हा वेगळे काढायचे ते तुम्ही खऱ्या शर्यतीत नाही हे दाखवायला. आता वेगळे सोडतात ते स्त्रियांची चुरस पुरुषांच्या गर्दीत झाकली जाऊ नये म्हणून. पुलापासून सेंट्रल पार्कमधल्या शेवटच्या रेघेपर्यंत कोण पुढे आहे, कोण मागून येते आहे, हे सगळ्यांना दिसते. बाकीच्या हजारो बायका आपापल्या गटात पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून सुटतात.