उखळीची झीज

फराळाच्या ताटापाशी बसलेल्या वाचकाला खुब्याच्या सांध्याचे दुखणे ऐकवू नये, एवढे मला कळते. पण पाटाऐवजी खुर्चीवर बसून ओवाळून घेणारे एखादे आजोबा कोणत्या घरात नाहीत?

आमच्या आक्काचा खुबा चौदा वर्षांपूर्वी बदलला. मांडीच्या हाडात धातूचा गोळा, कमरेच्या हाडात प्लास्टिकची उखळी. गेल्या वर्षी ती सैल झाल्याचे कळले. उखळी झिजते, तिचा सूक्ष्म भुगा सांध्यात साठतो, शरीर त्या भुग्यावर चाल करून जाते आणि त्या धुमश्चक्रीत भोवतालचे हाडच खाल्ले जाते. (हल्लीचे प्लास्टिक पुष्कळ कमी झिजते म्हणतात.) भाचा संतापला. चूक कोणाची, ते त्याला हवे होते.

मला इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इस्पितळातला जॉन चार्नली आठवला. त्याने सुमारे तीनशे रोग्यांना टेफ्लॉनच्या उखळ्या बसविल्या. माणसे चालू लागली, आणि दोनतीन वर्षांत उखळ्या झिजून गेल्या. पुढे १९६२ साली मागांच्या दातेरी चाकांसाठी आणलेले एक नवे प्लास्टिक त्याच्या प्रयोगशाळेत आले. चार्नलीला ते पसंत पडले नाही. हॅरी क्रेव्हन या त्याच्या कारागिराने मात्र ते यंत्रावर घासत ठेवले, आणि तीन आठवड्यांत ते टेफ्लॉनच्या एका दिवसाइतकेही झिजले नाही. त्याच सुमारास चार्नलीने टेफ्लॉनचा भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, गाठी येऊ दिल्या आणि १९६३ साली ते छापूनही टाकले.

हे प्रायश्चित्त म्हणावे का? मला तसे वाटत नाही. त्याच्या मांडीतल्या गाठींनी कोणाही रोग्याची एक कळ कमी झाली नाही. शिवाय क्रमही उलटा: आधी लोकांचे खुबे, मग स्वतःची मांडी. तरीही त्या माणसाने डोळे मिटून घेतले नाहीत, आणि तेच मला बोचते.

कारण आक्काच्या डॉक्टरांनी मला दाराशी बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले होते, "पंधराएक वर्षे जाईल, पण दरवर्षी फोटो काढून पाहा." मी आत जाऊन म्हणालो, "आक्का, जन्माची काळजी मिटली!" तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला मोडवला नाही. पुढे एकही फोटो निघाला नाही.

गेल्या भाऊबीजेला, निरांजन खाली ठेवल्यावर, मी तिला हे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी पर्वतीला गेले नसते रे."

किती वेळा गेली होती, ते विचारायचे मला धैर्य झाले नाही.