शूराचा राग

बलवान मनुष्याचा अन्यायानें अपमान झाला, तर त्यानें हातचें काम टाकून घरीं बसावें काय? हा प्रश्न बोदवडकडील कोणत्याहि गांवच्या पारावर ऐकूं येईल. लग्नांत मानपान चुकला म्हणून भाऊबंदांशीं बोलणें टाकणारा, आणि पुढें पाऊस पडून वाफसा आला असतांहि शेजाऱ्यास बैलजोडी न देणारा कर्ता पुरुष आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याचा अपमान खरा असतो. पण ज्याची पेरणी चुकते, त्यानें तो केलेला नसतो.

यवनांचा, म्हणजे ग्रीक लोकांचा, आदिकवि होमर ह्याचें ‘इलियड’ काव्य ह्याच प्रश्नावर उभें आहे. तें सुमारें २७०० वर्षांपूर्वींचें असून, नवा करार ज्या भाषेंत लिहिला गेला तिच्याच फार जुन्या रूपांत रचिलें आहे. त्रॉय नगराच्या युद्धाचें दहावें वर्ष चालू होतें. सेनापति आगामेम्नोन ह्यानें, अकिलीसास लुटींत मिळालेली ब्रिसेइस नांवाची स्त्री स्वतःकरितां हिसकावून घेतली. त्या बिचारीचें मत कोणीं विचारिलें नाहीं. दोघेहि शूर तिला बक्षिसाची वस्तु समजत होते, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. अकिलीस शस्त्रें खालीं ठेवून आपल्या डेऱ्यांत बसला. इतकेंच नव्हे, तर आपल्याच पक्षाचा मोड व्हावा म्हणून त्यानें आईकरवीं देवाकडे मागणें केलें.

ह्या वीराचा मोठा गुण म्हणजे सरळपणा. पोटांत एक व ओठांत एक ठेवणाऱ्याचा त्याला तिटकारा होता. परंतु गुण आणि दोष ह्यांचें मूळ येथें एकच दिसतें. ज्याला खोटें खपत नाहीं, त्याला क्षमा करणेंहि जड जातें. राजानें पुढें तीन माणसें पाठवून सोनें, घोडे, भांडीं व ती स्त्रीहि परत देऊं केली. अकिलीसानें तें सर्व नाकारिलें. येथें निवाडा करणें कठीण आहे. कारण राजा स्वतः आला नाहीं, व ‘मी चुकलों’ हा शब्द अकिलीसाच्या कानीं पडलेल्या निरोपांत नव्हता. देणग्यांनीं अपमान धुतला जात नाहीं, हें त्याचें म्हणणें मला खोटें वाटत नाहीं. तरी जे सैनिक रणांत मरत होते, त्यांनीं त्याचें कांहीं घेतलें नव्हतें. माझ्या मतें त्याचा राग अन्याय बनला तो शस्त्रें ठेवितांना नव्हे, तर ह्या नकाराच्या रात्रीं. पुढें त्याचा जिवलग मित्र पात्रोक्लस त्याचेंच चिलखत घालून लढावयास गेला व हेक्टराच्या हातून मेला. तेव्हां राजावरील राग सुटला, पण तो शमला नाहीं, हेक्टराकडे वळला.

हा हेक्टर आम्हांस अधिक जवळचा वाटतो. युद्ध त्याच्या भावाच्या अपराधामुळें ओढवलें होतें; तरी बायकोमुलासाठीं व नगरासाठीं तो लढतो. शिरस्त्राणाच्या तुऱ्यास भिऊन मूल रडलें, तेव्हां हंसून तें शिरस्त्राण जमिनीवर ठेवणारा बाप अकिलीसाच्या छावणींत सांपडत नाहीं. पण तोहि निर्दोष नव्हे. रात्रींच नगरांत परतावें, हा पोलिदामसाचा शहाणा सल्ला त्यानें धुडकाविला. आणि दुसऱ्या दिवशीं पुष्कळ माणसें मेल्यावर, ‘आतां लोक काय म्हणतील’ ह्या लाजेनें तो वेशीबाहेर एकटा उभा राहिला. त्या लाजेपायीं नगराचा मुख्य आधार गेला.

ओडिसियसाविषयीं थोडक्यांत सांगतों. हुशारीनें तो एकडोळ्या राक्षसाच्या गुहेंतून सुटला, आणि गलबतावरून फुशारकीनें आपलें नांव ओरडून समुद्रदेवाचा कोप ओढवून घेता झाला. असे हुशार आपल्याकडेहि कमी नाहींत.

आतां घरचें उदाहरण पाहूं. जळगांवच्या पश्चिमेस असलेलें एरंडोल म्हणजेच महाभारतांतील एकचक्रा नगरी, अशी आपल्या खानदेशांत लोकसमजूत आहे. भीमानें बकासुरास मारिलें तें तेथलेंच रान असें म्हणतात. पांडव ज्या घरीं राहिले होते, त्या घराची पाळी आली, तेव्हां कुंतीनें भीमास पाठविलें. त्याचा कोणीं अपमान केला नव्हता, बक्षीसहि मिळावयाचें नव्हतें. (गाड्यांतील अन्न मात्र त्यानें स्वतःच फस्त केलें!) दुसऱ्याच्या मरणाच्या जागीं उभें राहणारें असें बळ अकिलीसाच्या कथेंत मला दिसत नाहीं. परंतु हाच भीम पुढें दुःशासनाचें रक्त प्याला, गदायुद्धाचा नियम मोडून त्यानें दुर्योधनाच्या मांडीवर घाव घातला, व पडलेल्याच्या मस्तकावर पाय दिला. द्रौपदीचा अपमान घोर होता, हें कोण नाकारील? तरी धर्मराजानें भावास तेथेंच आवरिलें.

अकिलीसास आवरणारा असा भाऊ नव्हता. त्यानें हेक्टराचें प्रेत रथामागें बांधून पहाटे पहाटे मित्राच्या थडग्याभोंवतीं ओढलें. शेवटीं एका रात्रीं हेक्टराचा म्हातारा बाप प्रियाम शत्रूच्या डेऱ्यांत आला, आणि ज्या हातांनीं त्याचे पुत्र मारिले, त्यांचेंच त्यानें चुंबन घेतलें. तुझ्याहि बापाची आठवण कर, असें तो म्हणाला. दोघेहि रडले. मग अकिलीसानें प्रेत धुवावयास सांगितलें, पण म्हाताऱ्याच्या दृष्टीआड. कारण मुलास पाहून बाप संतापला, तर आपणहि भडकून त्याला मारूं, अशी त्याला धास्ती वाटली. आपल्या रागास तो स्वतःच भ्याला, असें ह्या काव्यांत मला येथें प्रथम दिसतें.

उत्तरक्रियेस किती दिवस हवेत, असें त्यानें विचारिलें. म्हाताऱ्यानें अकरा मागितले. तितके दिवस सैन्य रोखून धरण्याचें वचन अकिलीसानें दिलें. बाराव्या दिवशीं पुन्हा लढाई व्हावयाची होती.