बुद्धीची गंगाजळी

देवस्थानाचा जमाखर्च ज्यांनी एकदा तरी पाहिला असेल, त्यांस ‘गंगाजळी’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अतिवृष्टीने सभामंडपाचे छप्पर गेले तरी जिच्या बळावर पूजा-नैवेद्य खंडित होत नाही, ती ही राखीव शिल्लक. मेंदूचीही अशी एक गंगाजळी असते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

१९८८ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन व त्यांचे सहकारी यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. काही वृद्धांच्या मेंदूत मरणोत्तर तपासणीत अल्झायमर रोगाच्या स्पष्ट खुणा सापडल्या. जिवंतपणी मात्र त्यांची बुद्धी शाबूत होती. पुढे याकोव्ह स्टर्न आदी संशोधकांनी या विचारास शास्त्रीय रूप दिले. शिक्षण, बुद्धीस राबविणारा व्यवसाय, वाचन आणि माणसांचा सहवास यांचा संबंध मेंदूच्या इजा सोसण्याच्या शक्तीशी जोडला गेला.

ही शक्ती एच.आय.व्ही.बाधितांस विशेष लागते. हा विषाणू लागणीनंतर लवकरच मेंदूपर्यंत पोहोचतो. तो चेतापेशींत सहसा शिरत नाही. त्यांच्या शेजारच्या रक्षक पेशींत ठाण मांडतो, आणि त्यातून उद्भवणारा दाह चेतापेशींस झिजवितो. १९९६ च्या सुमारास संयुक्त औषधोपचार आले, २००४ पासून ते भारतात सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळू लागले, आणि घोर बुद्धिभ्रंश विरळ झाला. तथापि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील १,५५५ बाधितांच्या पाहणीत स्मृती, अवधान इत्यादींच्या चाचण्यांत ५२ टक्के लोक उणे ठरले. त्यांतील बहुतेकांची उणीव सौम्य होती. ज्यांचे शालेय शिक्षण कमी, त्यांच्यात अशी उणीव अधिक दिसते, असेही अभ्यासांत आढळले आहे.

येथे वैद्यक थांबते आणि नीतीचा प्रश्न उभा राहतो : ही गंगाजळी कोणाची?

ज्याची त्याची, असे उत्तर सहज ओठांवर येते. परंतु चौथीतून जिला शाळेतून काढून घरकामास लावले, त्या मुलीने आपली शिल्लक स्वतः का कमी केली? पुढे तिला विस्मरण होऊ लागले, तर “मन गुंतवून ठेवायला हवे होते” असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? देवस्थानाची गंगाजळी जशी अनेकांच्या हातांनी भरते, तशीच बुद्धीचीही; आणि अनेकांचे हात ती रितीही करतात.

१९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास केवळ रक्तपरीक्षेच्या निष्कर्षावरून पोलिसांनी नेले व एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस एकाकी ठेवले. त्या वेळचा कायदा तशी मुभा देत होता. आता २०१७ चा कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, अशा विलगीकरणास व भेदभावास मनाई करतो. याचा आम्हांस अभिमान वाटे. परंतु याच कायद्याच्या आधारे आम्ही एका गृहस्थांची बाजू मांडीत असता, आमच्या कचेरीत त्यांना चहा कागदी पेल्यातून दिला गेला आणि आम्ही स्वतः आमच्या नेहमीच्या कपातून प्यालो. कपातून हा विषाणू पसरत नाही, हे आम्हांस पक्के ठाऊक होते. गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढच्या भेटीपासून मात्र त्यांचे बोलणे कामापुरते उरले. कायद्याने दार उघडे राहिले. संभाषण आम्हीच बंद केले.

औषध नियमाने घेणे, रक्तदाब व मधुमेह सांभाळणे, यांस सहवास हा पर्याय नव्हे. तसा भ्रम कोणी बाळगू नये. परंतु ज्यास पंगतीतून, पाठांतरातून, चार माणसांच्या चर्चेतून आपण वगळतो, त्याची शिल्लक आपणच खर्ची घालतो, आणि मग त्याच्या विसराळूपणावर बोट ठेवितो. हा न्याय नव्हे.

भजनात एखाद्यास पुढला चरण आठवला नाही, तर मागचे टाळकरी तो उचलतात. त्यास कोणी उठवून लावीत नाही, आणि भजनही थांबत नाही. देवळात आपण हे न शिकविता शिकलो आहोत. पायऱ्या उतरल्यावर ते विसरू नये, इतकेच आमचे स्वतःस व वाचकांस सांगणे आहे.