वाकविलेली पाठ आणि नम्र मन

नम्रतेविषयीचा उपदेश आपल्या मंडळ्यांत वरचेवर होतो, व तो ऐकून लोक माना डोलावितात. परंतु त्या उपदेशामागे एक अवघड प्रश्न उभा असतो, तो कोणी उघड विचारीत नाही. ज्याच्या आजापणज्याने पाटलापुढे जोहार घालण्यात व वेठबिगारीत जन्म काढला, चावडीखाली उभे राहूनच तोंड उघडले, त्याला ख्रिस्ताने उभे केले. त्याची पाठ आता कोठे सरळ होत आहे. त्यालाच आपण सांगतो, ‘बाबा, नम्र हो.’ तो म्हणाला, ‘गुरुजी, मी वाकलेलाच होतो, यात नवे ते काय?’ तर उपदेशकाने काय उत्तर द्यावे?

हिंगोली जिल्ह्यातील वाचकांना याचा विचार करण्यास फार दूर जावयास नको. कयाधू नदीकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. जन्म 1270 सालचा मानतात. ते जातीने शिंपी. कथा अशी की, संतमंडळी जमली असता गोरा कुंभाराने आपल्या थापटण्याने एकेकाचे डोके थापटून पाहिले. बाकीचे स्वस्थ राहिले. नामदेवांना मात्र राग आला, आणि हे मडके कच्चे ठरले. देवाशी आपली सलगी आहे असे ज्यास वाटत होते, त्यालाच कुंभाराचा हात सोसला नाही! पुढे ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांना शरण गेले. कथेतील चमत्काराचा भाग आपण बाजूस ठेवू; तिचे मर्म परूशी व जकातदार यांच्या दाखल्यापासून लांब नाही. परूशीही मंदिरातच उभा होता, आणि प्रार्थनाच करीत होता. ज्याला शास्त्र पाठ आहे, ज्याची प्रार्थना लांबते, ज्याला लोक मानाने खाटेवर बसवितात, त्याला हा रोग आधी जडतो. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या शेतमजुरास त्यामानाने भय कमी.

तथापि पहिला प्रश्न उरतोच. पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या महाद्वाराची पहिली पायरी नामदेवांची म्हणून ओळखली जाते. भक्तांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यांनी ती जागा मागितली, अशी श्रद्धा आहे. तिच्या समोरच चोखामेळ्याची समाधी. चोखोबा महार, म्हणून त्यांना मंदिरात जाऊ दिले नाही. त्यांच्या लोकांना ते दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, 1947 साली. दोघेही दाराशीच, दोघेही खालीच. परंतु एकाने ती जागा मागून घेतली, दुसऱ्यावर ती लादली गेली. चोखोबांची भक्ती खरी होती यात संशय नाही. पण त्यांच्यावर लादलेल्या त्या जागेस नम्रता म्हणणे म्हणजे दार लावणाऱ्यांचे पाप झाकणे होय. मंगळवेढ्यास कूस कोसळून चोखोबा दगावले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनी स्वतः जाऊन आणल्या, अशी परंपरा आहे. कच्चे मडके भाजून निघाले याची खूण मला त्या पायरीपेक्षा येथे अधिक दिसते.

आता योहानाचा तेरावा अध्याय काढा. प्रभू शिष्यांचे पाय धुण्यास उठला, त्याआधी योहान सांगतो की, सर्व काही आपल्या हाती दिलेले आहे व आपण देवापासून आलो, हे तो जाणून होता. हे वाचताना आपण घाईने पुढे रुमालाकडे जातो. पण जो आपण कोणाचा हे जाणतो, तोच आपण होऊन वाकू शकतो. इतरांना वाकविले जाते. म्हणून त्या बांधवास सांगावे की, तू देवाचे लेकरू आहेस, भीतीने कोणापुढेही वाकू नकोस. देवापुढे गुडघे टेक, आणि तेथून उठल्यावर आपल्याहून लहान मानलेल्याकडे जा.

हे शेवटचे जड जाते. आपल्याच मंडळ्यांत एका वाड्याचा ख्रिस्ती दुसऱ्या वाड्याच्या ख्रिस्त्याघरी पाणी घेताना कचरतो, आणि तोच रविवारी मोठ्याने स्वतःस पापी म्हणवितो. पुढल्या प्रभुभोजनाच्या दिवशी एकाच्या हातचा प्याला दुसरा कसा घेतो, इकडे उपदेशकाने लक्ष द्यावे. आणि उपासना संपल्यावर आपण स्वतः कोणाच्या घरी भाकरीला बसतो, इकडेही.