डोळ्यांखालचें काळें

ज्या विषयावर चार शब्द लिहावे असें बरेच दिवस मनांत घोळत आहे, तो प्रथमदर्शनीं इतका क्षुद्र आहे कीं, ह्या पानांत तो आणतांना संकोच वाटतो. डोळ्यांखालीं येणारीं काळीं वर्तुळें आणि तीं घालविण्यासाठीं माणसें करीत असलेले उपाय, हा तो विषय. कोणी म्हणेल, ही गोष्ट औषधाच्या दुकानांत विचारावयाची; तत्त्वचिंतनाचा येथें संबंध काय? परंतु आपल्या चेहऱ्यावर जें दिसतें त्यावर हक्क कोणाचा, ज्याचा चेहरा आहे त्याचा कीं पाहणाऱ्याचा, हा प्रश्न ह्या बोटभर कातडीवर मला दोनदां भेटला. पहिल्यानें मीं त्याचें उत्तर चुकीचें दिलें, आणि दुसऱ्यानें तें फार उशिरां सुचलें.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. पापणीची कातडी ही सर्व शरीरांत अत्यंत पातळ. तिची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तिच्याखालीं चरबीचा थर जवळजवळ नसतोच, त्यामुळें आंतल्या रक्तवाहिन्यांचा व स्नायूचा निळसर-जांभळा रंग वर उमटतो. दुसरें कारण कातडींतील रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन. आपल्यासारख्या सांवळ्या लोकांत पुष्कळदां हेंच मुख्य असतें, आणि नाकाच्या ठेवणीप्रमाणें तें घराण्यांतून चालत येतें. तिसरें कारण म्हणजे केवळ सावली. वय वाढलें कीं गालाच्या वरची चरबी उतरते, तेथें खळगा पडतो, आणि दिवा डोक्यावर असला कीं त्या खळग्यांत अंधार सांठतो. वारंवार डोळे चोळणें, नाक नेहमीं चोंदलेलें असणें, काचबिंदूसाठीं घालावयाचे लॅटॅनोप्रॉस्टसारखे थेंब, हींहि कारणें आहेत. अंगांत रक्त कमी असलें म्हणजे फिकट चेहऱ्यावर काळें अधिक उठून दिसतें. जागरणाचा नंबर ह्या यादींत लागतो खरा. पण लोक समजतात तितका वर नाहीं.

तरीहि पाहणाऱ्याला ह्या काळ्यांत कातडी दिसत नाहीं, कहाणी दिसते. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचा हव्यास फार जुना आहे. आपल्याकडे सामुद्रिक होतेंच. युरोपांत लाव्हाटरनें १७७५ पासून मुखचर्येवर ग्रंथच्या ग्रंथ काढले, आणि १८७६ सालीं लाँब्रोझोनें जन्मजात गुन्हेगार त्याच्या कवटी-जबड्यावरून ओळखतां येतो असा सिद्धांत मांडला. पुढें चार्ल्स गोरिंगनें इंग्लंडांतील सुमारें तीन हजार कैद्यांचीं मापें घेऊन १९१३ सालीं दाखविलें कीं, असा निराळा गुन्हेगारी चेहरा अस्तित्वांतच नाहीं. सिद्धांत मेला, संवय मेली नाहीं. आमच्या विद्यार्थिदशेंत ब्रह्मचर्यावरचीं जीं स्वस्त पुस्तकें हातोहात फिरत, त्यांत खोल गेलेले डोळे व त्यांखालचें काळें हें तरुणाच्या गुप्त दुराचाराचें लक्षण म्हणून ठसठशीत छापलेलें असे. तीं पुस्तकें मीं हंसून बाजूला टाकलीं असें मी समजत होतों.

शिक्षक झाल्यावर माझ्या वर्गांत नववींतला एक मुलगा होता. हुशार, अबोल, आणि डोळ्यांखालीं काजळी फांसल्यासारखा. एके दिवशीं शाळा सुटल्यावर मीं त्याला थांबवून घेतलें आणि संयम, संगत, रात्रीं वेळेवर निजणें ह्यांवर अर्धा तास उपदेश केला. स्पष्ट असें कांहींच बोललों नाहीं. पण त्याला सर्व समजलें. तो खालीं मान घालून ऐकत राहिला. पुढल्या महिन्यांत प्रगतिपुस्तकावर सही करावयाला त्याचे वडील आले. ते समोर बसले, त्यांनीं चष्मा काढून पुसला, आणि तेंच काळें, त्याच अर्धचंद्राकृति आकाराचें, मला त्यांच्या डोळ्यांखालीं दिसलें. त्या मुलानें नंतर वर्षभर माझ्या तासाला हात वर केला नाहीं. मींहि त्याची क्षमा मागितली नाहीं. शिक्षकानें विद्यार्थ्याची क्षमा मागण्याची रीति आमच्याकडे नव्हती, ह्या सबबीचा मला तेव्हां मोठा आधार वाटला.

आतां उपचाराकडे वळूं. प्लेटोच्या 'गॉर्जिअस' संवादांत सॉक्रेटिस म्हणतो कीं, वैद्यकाची खोटी नक्कल जशी पाकक्रिया, तशी व्यायामाची खोटी नक्कल म्हणजे प्रसाधन. कारण तें शरीराला चांगलें करीत नाहीं, चांगलें भासवितें. पुढें गॅलनसारख्या वैद्यानें त्यांत भेद केला: शरीराचें स्वाभाविक रूप राखणें हें वैद्यकाचें अंग, आणि नसलेलें रूप चढविणें हें त्याच्या बाहेरचें. हा भेद मला फार दिवस पटत असे. रक्त कमी असेल तर तें वाढवा, नाक चोंदत असेल तर त्याचें औषध घ्या. पण वरून लेप देऊन काळें झांकणें हें असत्य, असा माझा निकाल ठरलेला होता. (ज्या घरांत मुलाच्या डोळ्यांत हौसेनें काजळ घालतात, त्याच घरांत डोळ्याखालच्या काळ्यासाठीं मुलीला लिंबू चोळावयास सांगतात, ही गंमत निराळीच.) गोरेपणाच्या मलमांत पारा घालणाऱ्यांबद्दल तर बोलावयासच नको. मिनामाता नांवाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला, आणि तशीं प्रसाधनें २०२० नंतर बनवूं नयेत असें त्यांत ठरलें. इतक्या वर्षांनीं तें ठरवावें लागलें ह्यावरूनच मनुष्याची आतुरता कळते.

ह्या माझ्या निकालाला घरांतच धक्का बसला. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला आणि ती आमच्याकडे दोन वर्षांहून अधिक काळ अंथरुणावर होती. अशा रोग्याला पाठीला जखमा होऊं नयेत म्हणून दर दोन तासांनीं कुशीवर वळवावें लागतें, रात्रींहि. तें माझी पत्नी करी. मी बाहेरच्या खोलींत निजत असें, कारण मला सकाळची शाळा होती. एकदां लग्नाला निघतांना ती आरशासमोर उभी राहून एका लहानशा ट्यूबमधून कातडीच्या रंगाचा लेप काढून अनामिकेनें डोळ्यांखालीं टेंपीत होती. मीं सहज विचारलें, "हें तुला कधींपासून लागायला लागलं?" माझ्या स्वरांत प्लेटो होता. ती आरशांतून न वळतां म्हणाली, "लोक विचारतात, बरं नाहीं का म्हणून. मग सांगावं लागतं. सांगितलं कीं त्यांत आईंचं नांव येतं, आणि तुमचं येत नाहीं हें त्यांच्या लक्षांत येतं. त्यापेक्षां हें बरं."

त्या लग्नांत मी जेवलों काय, बोललों काय, मला आठवत नाहीं. स्वतःला आहे त्याहून सुंदर दाखविणारी प्रतारणा प्लेटोला ठाऊक होती. दुसऱ्याला आहे त्याहून बरा दाखविण्यासाठीं स्वतःच्या चेहऱ्यावर लावलेल्या लेपाला त्याच्या वर्गवारींत घर नाहीं. तो लेप माझ्या अब्रूवर होता. शिवाय, त्यानें फसविलें कोणाला? लग्नांतल्या लोकांना, आणि त्यांना आमच्या घरांतल्या रात्रींचा हिशेब मागण्याचा अधिकार कोणता? ज्याला तो अधिकार होता, किंबहुना ज्याचें तें कर्तव्य होतें, त्यानें तें काळें रोज सकाळीं लेपाविना पाहिलें होतें, चहाचा पेला हातांत घेतांना पाहिलें होतें. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर नसलेलें मीं वाचलें आणि हिच्या चेहऱ्यावर असलेलें वाचलें नाहीं.

दुसरी बाजूहि मला सोडीत नाहीं. ज्या कचेरींत रात्रपाळीच्या मुलींना 'ताजेतवानें' दिसण्याची ताकीद दिली जाते, तेथें हाच लेप पाळी ठरविणाऱ्याच्या सोयीचा असतो. थकवा दिसला नाहीं म्हणजे पाळी बदलावी लागत नाहीं. झांकण्याचा हक्क थकलेल्याचा, आणि झांकण्याचा फायदा थकविणाऱ्याला, ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा तें मला अजून साधलेलें नाहीं. मला जें साधलें तें इतकेंच कीं, त्या लग्नानंतर रात्रीं एकपासून पहांटे पांचपर्यंतची पाळी मीं घेतली. आईच्या शेवटच्या सात-आठ महिन्यांत घेतली. म्हणजे बहुतेक काम होऊन गेल्यावर.

आई गेल्यावर सहा महिन्यांनीं पत्नीला मीं एका त्वचारोगतज्ज्ञाकडे नेलें. आतां ती रात्रभर झोंपत होती, तरी काळें गेलें नव्हतें. डॉक्टरांनीं तिला खिडकीशीं बसविलें आणि डोळ्याखालची कातडी अंगठ्यानें हळूच ताणली. सावली असती तर ती समोरच्या उजेडांत पुसट झाली असती, रक्तवाहिन्या असत्या तर ताणल्यावर जांभळा रंग गडद झाला असता. हें होतें तसेंच राहिलें, म्हणून हें रंगद्रव्य, असें त्यांनीं समजावून सांगितलें. माहेरीं कोणाला आहे का, असें विचारलें. थोरल्या बहिणीला होतें. वडिलांच्या फोटोंतहि तें आहे. "मग हें जागरणाचं नव्हे," ते म्हणाले, "त्यानं थोडं गडद झालं असेल, एवढंच." उन्हापासून जपण्यास सांगून त्यांनीं एक मलम लिहून दिलें, आणि फार आशा धरूं नका असेंहि सांगितलें.

कबूल करतों, मला क्षणभर हायसें वाटलें. मुख्य साक्षीदार खोटा ठरल्यावर आरोपीला वाटावें तसें. जिना उतरतांना ती म्हणाली, "म्हणजे त्या रात्रींचं कुठं कांहींच उरलं नाहीं म्हणायचं."

मलम तिनें दोन महिने लावलें आणि सोडून दिलें. ट्यूब मात्र अजून आहे. बाहेर जावयाचें असलें कीं ती कधीं लावते, कधीं लावीत नाहीं. संपली कीं मी आणून देतों. कोणती छटा लागते तें दुकानदाराला आतां मलाच सांगतां येतें.